आदर्श सुनेच्या परीक्षक

‘आदर्श’ हा शब्द कुणी उच्चारला की आमच्या आळीतल्या काकू चष्मा काढून पदराने पुसायच्या आणि म्हणायच्या, “आदर्श म्हणजे आरसा, बाई.”

त्यांचे वडील भिक्षुकी करत. संस्कृत त्यांच्या कानावर स्वयंपाकघरातच पडलेलं. “माणूस आरशात पाहून सोताले नीट करते,” त्या सांगत. “तसंच ज्याच्याकडे पाहून आपलं वागणं नीट करावं, त्याले आदर्श म्हणू लागले. पण आरसा काही म्हणत नाही, का मले पाहा.”

साठ सालच्या सुमाराला अमरावतीत हा शब्द फार स्वस्त झाला होता, हे तुमच्यापैकी जुन्यांना आठवत असेल. आमच्या आळीत खानावळ आदर्श, शिंपी आदर्श, पिठाची गिरणीही आदर्श. मग महिला मंडळानेच का मागे राहावं? त्यांनी ‘आदर्श सून’ निवडायचं ठरवलं. शिफारस सासूने करायची. परीक्षक काकू, कारण वयाने सर्वांत वडील त्याच.

खरं तर काकूंच्या सुनेबद्दल आळी नाक मुरडायची. ती रोज सकाळच्या गाडीने चांदूर रेल्वेला शिकवायला जाई आणि घरी पोळ्या काकू लाटत. “काहून, माझे हात मोडले का?” एवढंच त्या म्हणत.

निवडीच्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षा वकिलीणबाई स्वतःच्या सुनेला घेऊन पुढे आल्या. “उलट बोलत नाही, माझ्याआधी जेवत नाही, विचारल्याशिवाय माहेरचं नाव काढत नाही.” टाळ्या पडल्या. बक्षिसाची साडी कुठे जाणार, हे सर्वांना ठाऊकच होतं.

काकूंनी त्या मुलीला जवळ बसवलं. “तुले काय करावंसं वाटते, बेटा?”

मुलीने सासूकडे पाहिलं.

“तिला सगळं चालतं,” वकिलीणबाई म्हणाल्या.

काकूंनी चष्मा पुसला. “मी सून पाहाले आलो होतो. पण या आरशात मले सासूच दिसून राहिली. साडी तुमीच घ्या, वकिलीणबाई.”

कुणी हसलं नाही. साडी मात्र वकिलीणबाईंनी घेतली. मंडळाची वस्तू वाया कशाला घालवायची, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्यानंतर काकूंना आळीतलं एकही बोलावणं येईना. त्यांना ते लागलं. एकदा आमच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, “खरं बोललो त्याचं काही नाही. पण संध्याकाळ लई मोठी होते.” आळीच्या बोलण्याला कंटाळून सून नोकरी सोडते म्हणाली, तेव्हा मात्र चिडल्या. “मंग मी कोणासाठी बोललो?”

पुढे सुनेला अकोल्याच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. निघायच्या दिवशी टांगा दाराशी आला. निरोपाला कुणी नव्हतं. खिडक्यांचे पडदे तेवढे हलत होते. काकू टांग्यात बसल्याच नाहीत. टांगा मागे ठेवून त्या पायी निघाल्या आणि प्रत्येक घरापुढे थांबून हाक मारू लागल्या, “सुमन, येतो बरं. कुसुम, येतो.”

आळीत आम्ही सगळ्या कुणाची थोरली सून, कुणाची धाकटी. नावाने आम्हाला कुणी हाक मारत नसे. काकूंनी ती नावं कधी माहीत करून घेतली, देव जाणे.

वकिलांच्या दारात त्या म्हणाल्या, “विमल.”

ती कणकेच्या हातांनी बाहेर आली. आतून सासूने दोनदा बोलावलं. टांगा वळेपर्यंत विमल पायरीवरून हलली नाही.