समुद्रात वरच्या अंगानं पोहलो

मंडळी, आत्ताच रूमवर आलोय आणि लगेच लिहितोय. मी सदलग्याचा, चेन्नईत कारखान्यात लेथ मशीनवर काम करतो. आज पहिल्यांदा ट्रायथलॉनला उतरलो. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. पोहून वेळेत बाहेर आलं न्हाय तर तिथनंच घरी पाठवतात. मला तेवढीच भीती होती.

आम्ही पोहायला शिकलो गावच्या दूधगंगा नदीत. पलीकडं जायचं तर वरच्या अंगाला तोंड करून हात मारायचे, धार आपोआप खाली आणते. आज पण तसंच केलं. वळायच्या खुणेचा लाल फुगा सोडून त्याच्या लई उजवीकडं, तेच वरचं अंग समजून, नेट लावून सुटलो. पाणी मला खाली आणायचं नावच घेईना!

मदतीच्या बोटीत माझ्या रूमवरचा निपाणीचा संतोष होता. तो बोंबलला, "आरं येड्या, श्रीलंकेला निघालास व्हय?"

मान वर काढली तर सगळी माणसं लांब डावीकडं. मग फुग्याकडं सरळ तोंड केलं आणि जीव खाऊन हात मारले. वाळूवर पाय टेकले तेव्हा दोनच मिनिटं उरलीवती.

पुढं सायकल झाली, पळणंही झालं. माझ्या मागं दोघंच होते, पण पुरं केलं.

गावाकडं आप्पांना, म्हंजे वडलांना, फोन केला. म्हणाले, "दहावीला बसलास तवा एवढा जोर कुठं गेलता रं?" पण आवाजात हसू होतं.

नदीत शिकलेल्यांनो, समुद्रात सरळ कसं जायचं? सांगा की. पुढच्या वर्षीचं नाव आजच देऊन आलोय.