अन्नपूर्णेच्या पळीवरची खाच

देवाधर्माच्या बाबतीत मी पहिल्यापासून कोरडा. सोवळं-नैवेद्य हे खातं इंदूचं, म्हणजे आमच्या सौ.चं... माझं खातं प्रसाद खाण्याचं. तेव्हा पुढचं वाचून मला कुणी भाविक समजू नये.

मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली त्या वर्षी आम्ही नागपूरचे कारकूनही फायलींमागोमाग इथे आलो. निघताना इंदूनं तिच्या आईनं लग्नात दिलेली पितळी अन्नपूर्णा माझ्या हातात ठेवली. "अहो, देव सामानात टाकायचे नसतात. मांडीवर घेऊन बसा." तिला सातवा महिना, तिच्या मांडीवर जागा कुठली! पण गाडीच्या डब्यात सगळं ऑफिस बसलेलं. साहेबांसमोर देवी मांडीवर घेऊ? मी डोकं चालवलं — अन्नपूर्णा बसते तांदळातच ना! स्टेशनवर मूर्ती गुपचूप तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात खुपसली आणि तो सामानाबरोबर मालगाडीनं पाठवला.

सगळं सामान आलं. तो डबा तेवढा आला नाही. इंदूला सगळं कबूल करावं लागलं.

इंदू रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तिला नैवेद्य नाही, तर मला घास नाही." आणि नुसत्या दूध-केळ्यांवर राहिली.

"तिच्या जागी सुपारी ठेव ना! शास्त्रात चालतं."

"शास्त्र आता तुम्ही सांगणार?"

डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं — असंच चाललं तर बाळाचं काही खरं नाही. इंदूचे गाल रोज आणखी आत चाललेले...

ऑफिस सुटल्यावर तडक चौकातल्या भांडेवाल्याकडे गेलो. "क्यों खाँ, देवीजी चाहिए?" म्हणत — भोपाळात जो तो 'खाँ'च — त्यानं थेट तश्शीच अन्नपूर्णा काढली. भाव पाडायला मी तिच्यात खोट शोधली — उजेडात धरून, नखानं खरवडून. साधा ओरखडा नाही! तो हसला, "ऐब निकल आए तो मुफ़्त ले जाना, खाँ."

घरी येऊन थाप मारली, "स्टेशनवर सापडली."

इंदूनं मूर्ती कपाळाला लावली आणि देवीच्या हातातल्या पळीवरून अंगठा फिरवला. "खाच बघते. लहानपणी आईच्या देव्हाऱ्यातून उचलून मी ही पळी चावली होती."

खाच? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी देवीकडे कधी धड पाहिलंसुद्धा नव्हतं!

"आहे," ती म्हणाली, आणि भात टाकायला उठली.

ती आत गेल्यावर मी पाहिलं. पळीच्या टोकाला बारीक दातांची खूण. नखाला लागत होती.

पुढे मुलगी झाली, ठणठणीत. एका दुपारी मायलेकी झोपल्या असताना स्टेशनचा हमाल हरवलेला डबा घेऊन आला. वर माझंच नाव, माझ्याच अक्षरात. तांदळात हात घातला... आत अन्नपूर्णा होती. पळी गुळगुळीत. कोरी.

भांडेवाल्याला जाऊन विचारलं. "दाँत के निशान? खाँ, आप ही ने तो ठोक-बजाकर ली थी!"

तेव्हा बघण्यात माझीच चूक झाली असेल... दुसरं काय सांगणार? इंदूला यातलं काही ठाऊक नाही. हे मासिक आमच्या घरी येत नाही, म्हणून तर लिहायचं धाडस.

डब्यातली अन्नपूर्णा माझ्या ऑफिसच्या खणात आहे. चपराशी कुरकुरतो, "बाबूजी, दराज में चावल? चूहे आएँगे." मी ऐकलं न ऐकलंसं करतो. दुपारी जेवणाचा डबा उघडतो, इकडेतिकडे बघतो, पहिला घास खणात ठेवतो... आणि मगच दुसरा तोंडात घालतो.