रंगुबाईच्या अंगठ्याचा क्रूस

तुमच्या लेकराच्या डोक्यावर फादरनं पाणी ओतलं तेव्हा ते कशासाठी, हे तुम्ही विचारलं होतं का? छातीला तेल कशाला, टाळूला कशाला, अंगावर पांढरं कापड कशाला? की इस्त्रीचे कपडे घालून फोटो काढून घेतला, केक कापला आणि घरी आलात? खरं सांगा. सांगायची लाज वाटत असेल तर मिरजेच्या रंगुबाई वायदंडेची हकिकत ऐका. तिनं विचारलं होतं. भर वर्गात विचारलं, आणि त्याचे परिणामही भोगले.

रंगुबाई मूळची माण तालुक्यातली, दहिवडीच्या वरच्या अंगाला एका वाडीच्या मांगवाड्यातली. ती सात वर्षांची असताना एक दाढीवाला परदेशी फादर घोड्यावरून वाडीत आला आणि आईनं तिला त्याच्यापुढं उभी केली. फादर लॅटिनमधून बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. मांगवाड्यात ते कुणाला कळणार? मग त्यानं पोरीच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवलं. तेवढं मात्र तिला कळलं, कारण ते खारट होतं. अख्ख्या बाप्तिस्म्यातली तेवढी एकच गोष्ट तिनं जन्मभर जपून ठेवली.

पुढं लग्न होऊन ती मिरजेला आली. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांच्या गवसण्या शिवण्यात तिची तीस वर्षं गेली. मिरजेचा तंबोरा कुठल्याही मोठ्या शहरात उतरो, त्याच्या अंगावरचा कपडा हिच्या हातचा. तंबोऱ्याचा भोपळा नुसता बघून ती कापड बेतायची, टेप लावायची नाही. सुया टोचून टोचून बोटांची चाळणी झाली होती आणि उजव्या अंगठ्याला असा घट्टा होता की चुलीतला निखारा उचलला तरी तिला कळत नसे. अक्षर मात्र एक येत नव्हतं. तोंड फटकळ होतं, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

शेजारी यल्लाप्पा राहायचा, रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी. त्याची बायको बनुबाई आईवेगळी पोर. चौऱ्याहत्तर सालच्या मार्चात बनुबाई बाळंत झाली, मुलगी झाली, आणि शेकशेगडीपासून आळिवाच्या लाडवांपर्यंत सगळं बाळंतपण रंगुबाईनं केलं. बाराव्या दिवशी यल्लाप्पा दारात येऊन म्हणाला, "मावशी, पोरीची धर्ममाता तुमीच व्हायचं." रंगुबाई आत गेली आणि त्या दिवशी दोन गवसण्या उलट्या शिवून बसली.

धर्ममाता म्हणजे बाप्तिस्म्याला पोर हातात घेऊन उभी राहणारी, आणि पुढं जन्मभर त्या पोरीच्या विश्वासाला जामीन राहणारी बाई. ज्या बाईला कुणी आई म्हटलं नव्हतं तिला आता कुणीतरी ते म्हणणार होतं.

पण आता नवी रीत आली होती. विधी आता मराठीतून होत होता आणि त्याआधी आईबापानं आणि धर्ममातेनं चार रविवार शिकवणीला बसायचं होतं. चांगली गोष्ट. शिकवणी होती आकाराम मास्तरांकडं. मास्तर माणूस कष्टाळू, धोतराची निरीही कधी चुकायची नाही, पण त्यांचा सगळा धर्म एका निळ्या वहीत होता. प्रश्न वहीत, उत्तर वहीत. उत्तरातला एक शब्द हलला की मास्तर चष्मा काढायचे.

पहिल्या रविवारी त्यांनी पाणी, तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती असं सगळं ओळीनं सांगितलं. रंगुबाई शेवटपर्यंत वाट बघत बसली आणि मग तिनं विचारलं, "मास्तर, मीठ कुठं गेलं?"

मास्तर म्हणाले, मीठ वहीत नाही.

"माझ्या जिभंवर ठेवलं हुतं. मग ते कशाला हुतं?"

वर्ग हसला. मास्तरांना वाटलं बाई टवाळी करते. दुसऱ्या रविवारी त्यांनी तिला उभं करून पहिलं उत्तर म्हणायला लावलं. तिला चार शब्दांपुढं जाता येईना. मग मास्तर तिच्याशी न बोलता यल्लाप्पाकडं वळले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ही अंगठेबहाद्दर बाई पोरीला धर्म काय शिकवणार? लालासाहेबांच्या मिसेसना विचार. मॅट्रिक आहेत." लालासाहेब रेल्वेत गार्ड होते, त्यांची बायको पुढच्याच बाकावर होती. तिनं लाजून मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही. चौथ्या रविवारी फादर स्वतः परीक्षा घेतील, रंगुबाईला उत्तरं आली नाहीत तर धर्ममातेचं नाव बदलायचं, असं ठरवून मास्तरांनी वही मिटली.

रंगुबाई तिथून निघाली ती थेट घरी. यल्लाप्पा रस्ताभर मागं मागं येत होता, पण मास्तरांपुढं तोंड उघडायची त्याची छाती नव्हती, आणि ते तिला दिसलं होतं. दारात ती एवढंच म्हणाली, "परीक्षेला मी येनार. नाव बदलायचं न्हाई."

मग पाठांतर सुरू झालं. बनुबाई सातवी झालेली. ती पोरीला मांडीवर घेऊन शिकवणीत उतरवून घेतलेली वही वाचायची आणि रंगुबाई सुई चालवत मागं म्हणायची. सकाळी बसलेलं उत्तर दुपारी उठून जायचं. बुधवारी तिनं वही मिटायला लावली. म्हणाली, "ह्ये लिवनाऱ्यानं कवा ल्येकरू धुतलंय का गं? मला नुसत्या वस्तू सांग. कशाकशाला हात लावनार त्येवढं सांग." त्या दिवसापासून तिनं शब्द सोडले आणि वस्तू धरल्या.

वस्तूंतली पहिली वस्तू तिच्या धंद्यातलीच होती, पांढरं कापड. आणि नेमकी तिथंच ती चुकली. वहीत शुभ्र नवं वस्त्र असं लिहिलेलं, म्हणून तिनं गवसणीच्या अस्तराचं कोरं मांजरपाट घेतलं आणि टाके मोजून घालावेत असं देखणं झबलं शिवलं. ते घेऊन गेली तर यल्लाप्पाची आई चंद्राबाई अथणीहून येऊन बसली होती. चंद्राबाईनं नवऱ्याच्या मागोमाग बाप्तिस्मा घेतला होता, पण माहेरची एकही चाल सोडली नव्हती. झबलं बघताच तिनं पोरीला पदराखाली ओढली.

"कोरं पांढरं मड्याला घालत्यात," ती म्हणाली. "पोटाला पोर आसतं तर कळलं आसतं तुला."

ती म्हणत होती ते खरंच होतं. आपल्याकडं लेकराचं पहिलं अंगडं जुन्या, वापरलेल्या कापडाचं शिवतात, तेही भरपूर आयुष्य काढलेल्या माणसाच्या. गल्लीतल्या सगळ्या पोरांची कुंची-टोपरी रंगुबाईनंच म्हाताऱ्यांच्या जुन्या लुगड्यांतून बेतलेली. परीक्षेच्या नादात वही डोक्यात शिरली आणि हातातली रीत निघून गेली. चंद्राबाईनं बजावलं की हे झबलं असेल तर पोरगी चर्चच्या देवळात येणार नाही. इकडं मास्तरांची वही म्हणत होती पांढरंच पाहिजे.

झबलं मुठीत धरून रंगुबाई गल्लीतल्या तालमीच्या पायरीवर येऊन बसली. तिथं रोज नानासो बसलेले असायचे. नव्वदीला टेकलेले मराठा पैलवान, एकेकाळी सांगलीची मैदानं गाजवलेले. अंगात आता काही उरलं नव्हतं, पण डोक्याचा पांढरा पटका तसाच ताठ. त्यांनी काय झालं विचारलं, तर हिनं वेगळंच काढलं.

"आबा, पैलवान अंगाला तेल का जिरवतो?"

"अंग कसदार हुतं. आन् धरनाऱ्याच्या हातातनं निसटतं. कुनासाठी इचारतीस?"

"पोरीसाठी. बाप्तिस्म्याला छातीला तेल लावत्यात."

नानासो खोकला येईपर्यंत हसले. पोरीला मैदानात उतरवणार का, असं त्यांनी विचारलं.

"उतरावंच लागतंय, आबा," रंगुबाई म्हणाली. "मांगाच्या पोरीला दुसरं काय हाय?"

म्हाताऱ्याचं हसू थांबलं. तिच्या मुठीतलं झबलं त्यांनी उलगडून बघितलं. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरातून एक धुतलेला जुना पटका घेऊन आले. वर्षानुवर्षं धुऊन मलमल अशी मऊ झाली होती की हातात राहीना. सुनेनं घरात कुरकुर केली होती, डोक्याचा पटका मांगाच्या पोरीच्या अंगाला म्हणून. तिला ते म्हणाले होते की डोकं माझं आहे. रंगुबाईला एवढंच म्हणाले, "तुझ्या म्हातारीला सांग, हे मड्याचं न्हवं. ह्याच्या खालचं डोस्कं अजून हालतंय."

चंद्राबाईनं तो पटका हातात घेतला, गालाला लावून बघितला, वास घेतला. किती वर्षांचा म्हातारा म्हणून विचारलं. नव्वद म्हटल्यावर ती उठली, उजेडाला जाऊन बसली आणि सुईत दोरा तिनंच ओवला. दोघींनी मिळून झबलं शिवलं, आणि पोटच्या पोराचा टोमणा मारल्याबद्दल चंद्राबाईनं माफी कधी मागितली नाही, पण गळ्याची बारीक टीप रंगुबाईकडं सरकवून म्हणाली, "हितं तुझा हात चांगला, तूच घाल."

चौथा रविवार आला. फादर वसईकडचे, तरुण, शांत. बाकावर बसून ऐकत होते. प्रश्न मास्तर विचारत होते.

"पाण्याचा अर्थ सांगा."

रंगुबाई उभी राहिली. "आमच्या गावात आमी विहिरीवर ओंजळ करून बसायचो," ती म्हणाली. "वरनं कुनीतरी पानी वतायचं. लांबनं. हाताला हात लागू न्हाई म्हनून. तवापास्नं वरनं पडनाऱ्या पान्याचा मला राग हाय. हितंबी वरनंच वतत्यात. पर हितं वतनाऱ्याचा हात पोराच्या डोस्क्याला लागतो, आन् पोर जिच्या हातात ती भिजती. ह्यो फरक हाय."

मास्तरांनी चष्मा काढला. मूळ पापाची क्षमा आणि नवजीवन, हे उत्तर; त्यातलं यात काही आलं नाही, असं ते म्हणाले.

"मास्तर, न केलेलं पाप जन्मताच माथी कसं बसतं, हे तुमी कुनालाबी समजावा, मला नगा समजावू. मी तेच घिऊन जल्मले. ते धुनारं पानी कुठं हाय त्येवढंच मी हुडकत हुते."

लालासाहेबांची मिसेस मागं वळून बघत होती. फादरनीच पुढं विचारलं, आणि तिनं तेलाचं पैलवानाकडून आणलेलं उत्तर दिलं, कापडाचं उत्तर म्हणून पिशवीतून झबलंच काढून दाखवलं आणि ते कुणाच्या डोक्यावरचं आहे ते सांगितलं. फादरनी ते हातात घेतलं. टाळूच्या तेलाचं तिला ठाऊक नव्हतं, ते तिनं सरळ कबूल केलं. फादरनी सांगितलं की जुन्या काळी राजाला असं तेल लावत, म्हणून ते टाळूला.

त्या वर्षी शिवरायांच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून साताऱ्या-सांगलीकडं जिथं जावं तिथं तीच चर्चा. रंगुबाई म्हणाली, "मंग पोरीचा राज्याभिषेक म्हना की." फादर मोकळेपणानं हसले आणि मास्तरांना म्हणाले, धर्ममातेचं नाव लिहून घ्या.

बसता बसता तिनं मिठाचंही विचारून घेतलं. नव्या विधीत ते काढलं, फादर म्हणाले. शहाणपणाची चव लागावी म्हणून ठेवायचे. घरी ठेवलंत तर मी अडवणार नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी देऊळ भरलं होतं. सतारमेकर गल्लीतून माणसं आली, आणि शेवटच्या बाकावर काठी टेकून नानासो. विधीची सुरुवातच अशी असते की फादर लेकराच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढतात आणि मग आईबापाला आणि धर्ममातेला तसंच करायला सांगतात. अंगठ्यानं. फादरनी काढला, यल्लाप्पानं काढला, बनुबाईनं काढला. मग रंगुबाईनं आपला घट्टे पडलेला, सुयांनी टोचलेला उजवा अंगठा त्या मऊ कपाळावर टेकवला आणि सावकाश, गळ्याची टीप घालावी तसा, क्रूस काढला. पोरगी डोळे उघडून बघत राहिली, रडली नाही. रडली ती पाणी पडल्यावर, आणि अशी रडली की मागून नानासो "भले" म्हणाले. ओल्या बाह्यांनी रंगुबाई ताठ उभी होती. पटक्याचं झबलं घालताना चंद्राबाई पुढं आली आणि तिनं नाडी बांधली. यल्लाप्पानं वेदीजवळच्या मोठ्या मेणबत्तीवर लहान मेणबत्ती पेटवली आणि ती विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरला. पोरीचं नाव मार्था ठेवलं.

शेवटी नोंदवहीत सह्या. आकाराम मास्तरांनी स्वतः शाईचा पॅड उघडून पुढं ठेवला. त्यांच्या तोंडून अंगठेबहाद्दर हा शब्द पुन्हा निघाला नाही. रंगुबाईनं अंगठा शाईत बुडवला, मास्तरांकडं बघितलं आणि म्हणाली, "वही दाबून धरा मास्तर, हालतीया." मास्तरांनी दोन्ही हातांनी वही दाबून धरली. अंगठा उठला तो इतका स्वच्छ की सुयांची भोकंसुद्धा त्यात मोजावीत.

दारातून बाहेर पडल्यावर तिनं पदराची गाठ सोडली, मिठाचा एक बारीकसा कण बोटावर घेतला आणि मार्थाच्या ओठाला नुसता टेकवला. पोरीनं तोंड वाकडं केलं. रंगुबाई म्हणाली, "कळलं तिला."

आता तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या घरी पाळणा हलला असेल तर धर्ममाता शोधायला मॅट्रिकच्या सर्टिफिकेटामागं जाऊ नका. आपल्या गल्लीतल्या, अंगठा उठवणाऱ्या एखाद्या बाईच्या दारात जा, खाली बसा, आणि पाणी म्हणजे काय ते तिला विचारा. ती सांगेल ते पुरतं ऐकून घ्या, आणि मग पोर तिच्या हातात द्या.