समज देऊन ताब्यात दिले

माझ्या सेवापुस्तिकेत एका तपासाबद्दल शाबासकीची नोंद आहे. तो तपास मी विसरू शकलेलो नाही, आणि ती नोंद खरी नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वाशीत मी फौजदार होतो. नव्या वसाहतीतल्या एका कारकुनाने तक्रार दिली. त्याच्या दहावीतल्या मुलीचे घड्याळ, पैंजण आणि स्वेटर घरातून गेले होते. संशय धुणीभांडी करणाऱ्या बाईवर. बाई खाडीकाठच्या गावातली. तिच्या मुलीच्या मनगटावर ते घड्याळ आहे, अशी खबर हवालदाराला लागली. घड्याळ जप्त केले आणि बाईला सकाळपासून ठाण्यात जमिनीवर बसवले.

"कबूल कर. नाहीतर तुझ्या पोरीलाही आणतो."

"आना. ती बी ह्येच सांगंल. ताईनं सोताच्या हातानं दिलान सारं." मग तिचा आवाज उतरला. "साहेब, ती जेवत नाय. केस इंचरत नाय. आवडीचं सगलं वाटून टाकते. मना भ्या वाटतं."

मी कारकुनाच्या मुलीला वडिलांसह बोलावले. तिने वस्तू दिल्याचे सांगितले. वडील ओशाळले. "परीक्षेचं टेन्शन, साहेब. दुसरं काही नाही." मग मी तिला आईवडिलांच्या कष्टांवर पंधरा मिनिटे सुनावले. प्रत्येक वाक्याला ती "हो काका" म्हणत होती. मुलगी वळणाची आहे, असे मला वाटले. स्टेशन डायरीत नेहमीचे वाक्य लिहिले, 'समज देऊन पालकांच्या ताब्यात दिले.' बाईला सोडले. तिची माफी मागितली नाही.

तीन दिवसांनी दुपारी मुलगी शाळेतून परतली नाही. मी वायरलेस केला, एसटी स्टँडवर माणसे लावली. बाई मात्र ऐकताक्षणी खाडीच्या बांधाकडे धावली होती. तिथे बसले की बरे वाटते, असे मुलगी तिला कधीतरी म्हणाली होती. हे कळून मी जीप घेऊन पोहोचलो, तेव्हा बाई मुलीच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवत होती.

मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "आरडू नका, साहेब. बसा खाली."

मी गणवेशानिशी चिखलात बसलो.

"मराचा इचार येतो का गो मनान?" बाईने सरळ विचारले.

"येतो, मावशी." मुलगी पहिल्यांदाच रडली.

"सांगलंस, बरं केलंस. आता एकटी नाय रवाचं."

मुलीला घरी पोहोचवल्यावर मी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्यायचे म्हणताच वडील कचरले. "लोक वेडी म्हणतील हो."

"म्हनू दे," बाई म्हणाली. "पोर घरान हाय ना?"

मुंबईला जाऊन मुलीने कित्येक महिने उपचार घेतले. शाळेचे एक वर्ष वाया गेले, पण पुढच्या वर्षी परीक्षेआधी मुलगी स्वतः ठाण्यात आली आणि जप्तीत पडून राहिलेले आपले घड्याळ मागून घेऊन गेली. मी त्याला किल्ली देऊन ते तिच्या हातात ठेवले.

त्या पहिल्या दिवशी मी तिला काय दिलेस, कुणाला दिलेस, कधी दिलेस, सारे विचारले होते. कशी आहेस, हे विचारले नव्हते.

कागदावर ती बाई आजही संशयित आहे आणि मुलगी शोधणारा मी. म्हणून हे लिहिले. मुलगी तिने शोधली. हरवण्याच्या तीन दिवस आधी, माझ्याच ठाण्यात, जमिनीवर बसून.