मास्तरांचे आटे

साठीनंतर माणसानं काय काय शिकू नये याची यादी कुणाला हवी असेल, तर त्यानं निरगुडसरला जाऊन माझ्या थोरल्या साडूंना भेटावं. ती यादी त्यांच्याकडे तयार आहे, आणि तिच्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट ते शिकून चुकले आहेत. शाळेतून निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी मधमाश्या पाळल्या. माश्यांनी दीड महिन्यात त्यांना सोडून शेजारच्या डाळिंबात संसार थाटला. मग मोडी लिपी झाली. तीत ते इतके रमले की किराण्याची चिठ्ठीसुद्धा मोडीत लिहून पाठवू लागले, आणि दुकानदारानं अंदाजानं साखरेच्या जागी साबण दिला. हे सगळं मी लांबून, पिंपळवंडीत आमच्या ओट्यावर बसून ऐकत होतो, म्हणून हसत होतो. पुढे त्यांनी लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, आणलं आणि माझं हसू संपलं.

कारण मी टर्नर. बत्तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात लेथपुढे उभा राहिलो आणि येताना गुडघे तिथंच ठेवून आलो. गावी परतल्यावर बायकोला एवढंच सांगितलं होतं, की आता गरगर फिरणारं काही बघायचं नाही, पंखासुद्धा फार उकडलं तरच लाव. अशा माणसाला सकाळी तोंडात ब्रश असताना फोन आला, "पावणं, आटे पाडायला शिकायचंय. कधी येताय?"

नारायणगाव, मंचर असं करत दोन एसट्या बदलून मी गेलो. पडवीत कडबा कुट्टीच्या शेजारी टेबलावर ते लेथ बसलं होतं. हौशी लोक घरी ठेवतात तसलं, दोघांनी मिळून उचलावं एवढं. पुण्याच्या जुन्या बाजारातून ते कांद्याच्या रिकाम्या टेम्पोत आलं होतं आणि अजून त्याला कांद्याचा वास येत होता. साडूंना मी मास्तर म्हणतो, सगळा गावच म्हणतो. मास्तर पांढरा सदरा घालून, खिशाला तांबडा पेन लावून, वही उघडून उभे. पहिल्या पानावर तारीख, विषय आणि खाली रेघ. विषय : आटे.

आटे पाडायचे म्हणजे लोखंडाची कांडी फिरत असते आणि पोलादी टूल तिच्या कडेनं ठरलेल्या चालीनं सरकतं, तशी तिच्यावर मळसूत्रासारखी खाच पडत जाते. एका फेरीत भागत नाही. दहा-बारा वेळा टूल मागं आणायचं आणि पुन्हा त्याच खाचेतून न्यायचं, दर वेळी केसभर खोल. तबकडीवर ठरलेला आकडा आला की दांडी पाडायची, म्हणजे टूल नेमकं त्याच खाचेत शिरतं. एकदा जरी खाच चुकली, तर शेजारी दुसरी पडते आणि बोल्ट मेला. हे सगळं हातानं आणि नजरेनं कळतं. मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. वस्ताद एकदा करून दाखवायचा आणि दुसऱ्यांदा चुकलं तर पाठीत घालायचा. मास्तरांना मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असे. "ह्या आकड्यावरच दांडी का पाडायची? आधी पाडली तर काय व्हईल?" मी म्हणायचो, "मास्तर, नाय पाडायची." ते वहीत लिहायचे : कारण अज्ञात.

हिशेबात मात्र ते पटाईत. कुठल्या आट्याला कोणते गिअर लावायचे हे आम्ही कारखान्यात तक्ता बघून लावायचो, मास्तर दोन मिनिटांत कागदावर त्रैराशिक मांडून सांगत. पण कागद संपून लोखंड सुरू झालं की घात. गावात थ्री फेज वीज आली की सगळे पंप एकदम चालू व्हायचे आणि लेथ पेंगायला लागायचं. त्यातही त्यांचा खरा दोष वेगळाच होता. तीस वर्षं फळ्यावर एक ओळ लिहायची आणि वर्गाकडे वळून ती समजवायची, ही सवय अंगात मुरलेली. टूल कांडीला टेकलं की मास्तर हटकून मागं वळत आणि मला समजावू लागत, "आता बघा, टूल पुढं सरकतंय..." तोवर टूल सरकून जिथं थांबायचं त्याच्या पुढं गेलेलं असे. खाड. टूलचं टोक तुटलं.

मेलेला प्रत्येक बोल्ट ते कागदाची चिठ्ठी बांधून फळीवर ठेवत. चिठ्ठीवर तांबड्या शाईत गुण आणि शेरा. "दहापैकी दोन. घाई केली." "दहापैकी शून्य. लक्ष नव्हते." आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, कुरडया वाळत घातल्या की त्या फळीवरचे दहा-वीस बोल्ट उचलून कापडाच्या कडांवर ठेवायची. "तेवढं तरी कामाला येत्यात," म्हणायची.

उन्हाळा गेला, पावसाळा अर्धा सरला. मी दर गुरुवारी जात होतो आणि दर गुरुवारी ठरवत होतो की ही शेवटची खेप. भाद्रपद लागला तसा एक दिवस माझा धीर सुटला. उकाडा मी म्हणत होता, गुडघा ठणकत होता आणि मास्तरांनी त्या सकाळी तिसरं टूल मोडलं होतं. मी म्हणालो, "मास्तर, राहू द्या आता. सगळ्याच गोष्टी सगळ्यांना जमत नाहीत. मला तर आता यायचंही जमत नाही."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक जुना काळा स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याचे आटे पार झिजले होते.

"तुमच्या आक्काच्या शिवणमशिनीचा," ते म्हणाले. "कापडावर दाब देतो ना, त्यो. मंचर झालं, नारायणगाव झालं, घोडेगावला जाऊन आलो. ह्या मापाचा आता कुटंच न्हाई. समदे म्हणत्यात, भंगारात घाला, मोटरचं घ्या."

मोटरचं मशीन त्यांच्या मुलानं आणून दिलंच होतं. ते घरात झाकून ठेवलेलं मी पाहिलं होतं. आक्का म्हणे, ते माझ्या आधी पळतं. आणि गौरी गेल्या की जुनं मशीन भंगारवाल्याला देऊन टाकायचं, हेही तिनं सांगून ठेवलं होतं.

मी कागदाची पट्टी आट्यांवर दाबून वळ मोजले. अवघड काही नव्हतं. "सरका," मी म्हणालो, "दहा मिनिटांत करून देतो."

मास्तरांनी लेथवर हात ठेवला. "पावणं, दहा मिनिटांत व्हईल ते मला बी म्हाईत हाय. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं." मग त्यांनी तो स्क्रू माझ्या तळहातावरून परत घेतला. "आमच्या शाळेला अनुदान नव्हतं तवा नऊ वर्षं मला पगार नव्हता. रोज इस्त्रीचा सदरा घालून शाळेत जायचो. घर तिनं चालवलं, त्या मशिनीवर. लोकांची झंपरं, पोरांचे गणवेश. नऊ वर्षांत मी त्या मशिनीला एकदा तेलसुदिक घातलं न्हाई. सुई ववून दिली न्हाई. मला लाज वाटायची त्या आवाजाची. ती शिवायला बसली की मी बाहेर जायचो."

मी लेथपासून बाजूला झालो आणि स्टूल ओढून बसलो. म्हणालो, "मग एक ऐका. मागं वळायचं नाही. वर्गात कुणी नाही. तोंड उघडायचं नाही."

त्या दिवशी मी निरगुडसरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बोलायचे बंद झाले. दोन तास पडवीतून शब्द ऐकू आला नाही तशी आक्का पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला हळूच म्हणाली, "बरं न्हाई का त्यांना?" मी तिला खुणेनं आत पाठवलं. मास्तर दात आवळून आकड्याकडे बघत होते, दांडी पाडत होते, उचलत होते, टूल मागं आणत होते. मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. पहिला स्क्रू बिघडला. दुसरा सैल झाला. तिसरा झाला तेव्हा दुपार कलली होती. त्यावर त्यांनी चिठ्ठी बांधली नाही.

तो त्यांनी माझ्या हातात दिला. "तुमीच बसवा."

"मी नाही बसवणार," मी म्हणालो.

शेवटी आक्कानंच तो बसवला. बोटांनी फिरवत फिरवत खाली नेला, मध्ये एकदा अडकला, तिनं मागं घेतला, पुन्हा नेला. मग उशीचा एक उसवलेला अभ्रा ओढला आणि पायडलवर पाय ठेवला. मास्तर दाराशी पाठमोरे उभे होते, पण बाहेर गेले नाहीत.

"धरतंय का?" त्यांनी न वळता विचारलं.

"धरतंय."

चार बोटं शिवण झाल्यावर ती थांबली. "आवाज जरा बदललाय."

"चांगला का वाईट?"

"बदललाय," ती म्हणाली आणि पुढची शिवण घेतली. मास्तर वळले, आत गेले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. अभ्र्याची लोंबणारी कड त्यांनी दोन्ही हातांनी वर धरली.

मी पडवीत एकटाच होतो. कारखान्यात माझ्या हातून रोज खोकी भरून माल जायचा. संध्याकाळी टेम्पो यायचा आणि गेटबाहेर वळायचा. त्यातला एकेक आटा पुढे कुठं बसला, कुणाचं काय त्यानं धरून ठेवलं, हे मला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. आपण पाडलेला आटा आपल्या माणसाच्या हातून जागेवर बसताना बघायला मिळावं, हे बत्तीस वर्षांत माझ्या वाट्याला आलं नाही. मास्तरांना ते सहा महिन्यांत मिळालं.

चारची एसटी निघून गेली. पिशवी मांडीवर घेऊन मी तिथंच बसून राहिलो. आत एकामागून एक अभ्रे निघत होते. उसवलेले संपले तसे आक्कानं चांगलेही घेतले असावेत, कारण मशीन काही थांबत नव्हतं.