जिथून जमीन दिसत नाही

माझ्या सासूबाई, रत्नप्रभा, वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जन्मल्या, तिथेच सून झाल्या आणि उभं आयुष्य अंधेरीच्या बाजारात मासे विकत बसल्या. गिऱ्हाइकाला त्या आधी भाव सांगत नाहीत, आधी चौकशी करतात. घरी कोण आलंय, जावई का, मग बांगडा कशाला, रावस घे. मी बोरिवलीची, बँकेत नोकरी करणारी. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं की बँकेची ती जाड दाराची तिजोरी बनवतं कोण. मला माहीत नव्हतं. "मग इतकी वर्षं केलंस काय तिथे?" त्या म्हणाल्या. मला राग आला होता, पण मुद्दा बरोबर होता.

असल्या बाईला एका प्रश्नाचं उत्तर मात्र कधी मिळालं नाही. माझे सासरे धाकू मासेमारीच्या बोटीवर होते. खोल समुद्रात जायचे, काही दिवसांनी परतायचे, जेवून झोपायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड उघडायचे नाहीत. "तिकडे काय असतं रे?" सासूबाई विचारायच्या. आमच्या माहेरी आई बाबांना अजून अहो म्हणते; इथे सरळ अरे-तुरे. उत्तर ठरलेलं असायचं. "पाणी."

कोळ्यांच्या बायका मासेमारीला जात नाहीत. नारळी पौर्णिमेला नटूनथटून होडीत बसायचं, खाडीच्या तोंडापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. त्यामुळे जिथून जमीन दिसत नाही ती जागा कशी असते, हे साठी उलटली तरी सासूबाईंना कळलेलं नव्हतं. हे त्यांना मनापासून खुपायचं. बाजारात सगळ्या दुनियेची खबर त्यांच्याकडे, आणि नवऱ्याचं अर्धं आयुष्य कुठे गेलं ते ठाऊक नाही.

माझा नवरा विशाल याने आईवडिलांना मालदीवला न्यायचं ठरवलं, तेव्हा हॉटेलचं नाव निघताच सासूबाई म्हणाल्या, "बोटीवरच राहता येत नाही का?" येतं, असं निघालं. कप्तान आणि कुकसकट अख्खी कॅटमरान भाड्याने मिळते, रोज नवीन बेट. सासरे म्हणाले, "समुद्र बघितलाय मी. माथेरानला जाऊ." त्यांचं कोणी ऐकलं नाही.

बुकिंगवाल्या मुलाशी व्हिडिओ कॉल झाला. सासूबाईंनी पुढे सरकून विचारलं, "जमीन दिसेनाशी होईल ना?" त्याला वाटलं बाई घाबरल्यात. "आंटी, बिलकूल टेन्शन घेऊ नका. पूर्ण ट्रिपमध्ये एक मिनिट पण जमीन नजरेआड होणार नाही. माझी गॅरंटी." सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. तो बिचारा खूश होऊन हसत होता. मी त्यांना म्हटलं, "आई, तिथे गेल्यावर कप्तानालाच विचारू."

बोट पाहून त्यांची चौकशी सुरू झाली. दोन होड्या शेजारी शेजारी आणि वरून एकच घर बांधलेलं. झोपायच्या खोल्या होड्यांच्या पोटात. दोन कशाला? एक फुटली तर दुसरी तरंगते का? संडासाचं पाणी कुठे जातं? गोडं पाणी संपलं तर? कप्तान तिथलाच, हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला. तो हसत हसत एकेक उत्तर देत गेला. बोटीच्या पुढच्या टोकाला, दोन होड्यांच्या मधे, लोळायला जाळं बांधलेलं होतं. सासूबाई त्यावर ऐसपैस आडव्या झाल्या. "जन्मभर जाळ्यातलं विकलं, आता मीच जाळ्यात." कुक केरळचा होता, ताटं उचलायला उठलेल्या सासूबाईंना त्याने हात जोडून खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्या त्याच्या शेजारी उभ्या राहून ट्युना साफ करत होत्या.

सासरेही मजेत होते. निळ्या उथळ पाण्यात पोरासारखे डुंबायचे. पण रोज तेच चालू होतं. पांढरी वाळू, माड, जेवण, पुढचं बेट. सासूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "हा पण किनाराच."

शेवटी त्यांनी कप्तानाला गाठलं. "जहाँ से जमीन नहीं दिखता, उधर ले चलो." तो चकित झाला. पाहुणे नेहमी उलटंच मागतात, म्हणाला. इथली बेटं बसकी, एकही डोंगर नाही. बेटांचं हे गोल कडं ओलांडून पलीकडच्या बेटांकडे निघालं की थोड्या वेळाने माडांचे शेंडेही बुडतात. उद्या हवा चांगली आहे, जाऊ.

"हवा बरोबर नाही," सासरे म्हणाले.

कप्तानाने मोबाइलवर हवेचा अंदाज दाखवला. "मोबाइलला काय कळतंय?" सासरे म्हणाले. "आणि तिकडे आहे काय बघण्यासारखं?"

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं या बाईला एका शब्दात वाटेला लावलंत, आता एक दिवस तिच्या मनासारखा होतोय तर त्यातही खोडा. "पप्पा, आता मधे पडू नका," मी म्हटलं.

सकाळी शीड चढलं आणि आम्ही कडं ओलांडलं. पाण्याचा रंग बदलला, गडद झाला. मागचं बेट काळ्या रेघेएवढं उरलं, मग रेघही गेली. सासूबाई डेकवर उभ्या राहून हळूहळू पूर्ण गोल फिरल्या. "सगळीकडे सारखंच," त्या म्हणाल्या. "आलो कुठून तेपण कळत नाय." त्यांचा चेहरा असा फुलला होता की विशालने फोटो काढायचंही सोडून दिलं. दुपारचं जेवण इथेच करायचं, त्यांनी फर्मान काढलं. कप्तानाने शीड उतरवलं, बोट थांबली.

मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली. सासरे आत बसले होते, काचेकडे पाठ करून, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून. सासूबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. मी दारातच थांबले.

"काय करायचास रे तू इथे, इतके दिवस?"

"भ्यायचो," सासरे म्हणाले. "जमीन गेली की झालं सुरू. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत. सवय होईल म्हणायचे सगळे. नाय झाली."

"मग मला बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर पाठवलं नसतंस?"

मला वाटलं, आता त्या नसतंच पाठवलं म्हणतील. कुठलीही बायको तेच म्हणेल. पण सासूबाई खोटं बोलत नाहीत, गिऱ्हाइकाशीसुद्धा नाही.

"पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. "पोरं होती ना रे."

"म्हणूनच नाय बोललो."

सासूबाई रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि आदल्या दिवशीचं माझं बोलणं आठवून मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर कुक ताटं मांडत होता. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं, उठल्या, आणि समुद्राकडे ढुंकूनही न बघता थेट कप्तानासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खाना बाद में," त्या म्हणाल्या. "पहले मेरे आदमी को जमीन दिखाओ."