काय जेवलात, काकू?

"डायबेटिस आहे. शुगर फार वाढलीय, आजच अॅडमिट करा," माझ्या बायकोचे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. हिने शांतपणे पदर सारखा केला.

लालबागहून परळच्या हॉस्पिटलात आलो होतो ते हिला थकवा येतो एवढ्यासाठी. मग तपासण्या, रिपोर्ट, पुन्हा तपासण्या. बाकावर मला बसवेना. वॉर्डच्या दारात मी इतक्या फेऱ्या मारल्या की वॉचमन वैतागला.

दुपारी तेजल आली, नर्सिंगची विद्यार्थिनी. मागे तिला शिकवणाऱ्या मॅडम. हातात इन्सुलिन, म्हणजे साखर खाली आणणारं इंजेक्शन.

"काकू, जेवलात?"

"हो, आत्ताच."

"जेवली, जेवली!" मी दारातून ओरडलो. "द्या लवकर!"

तेजल हलली नाही. "काय जेवलात?"

"वरण-भात, भाजी."

"कसली भाजी?"

ही खिडकीबाहेर बघू लागली. माझं डोकं तापलं. बायको आजारी आणि ही पोरगी भाजीची चौकशी करतेय! तेवढ्यात तिने लॉकरवरचं झाकलेलं ताट उघडलं. जेवण जसंच्या तसं होतं.

"संकष्टी आहे गो आज," ही पुटपुटली. "चंद्र दिसल्यावर जेवणार होते."

इंजेक्शन थांबलं. डॉक्टर मला म्हणाले, "उपाशीपोटी हा डोस गेला असता तर हायपोग्लायसेमिया झाला असता." म्हणजे साखर एकदम उतरते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडतो, जिवावरही बेततं. हिला म्हणाले, "उपास असेल तर आधी सांगा, औषध तसं ठरवू. आज मात्र जेवा."

बाप्पाची माफी मागून ही जेवली. मी समोर बसून एकेक घास बघत होतो. खरी भीती मला आत्ता वाटत होती.

मॅडमनी नंतर मला टॅब दाखवला. त्यात चित्रातली एक पेशंट. मुली तिला प्रश्न विचारून औषध देतात. चुकलं तर ती स्क्रीनवरच कोसळते. "'जेवलात का'ला सगळे हो म्हणतात," मॅडम म्हणाल्या, "म्हणून 'काय जेवलात' विचारायला शिकवतो. पण ही टॅबवरची पेशंट फारच खरं बोलते. तिला खोटं 'हो' म्हणायला काकूंचा आवाज मिळेल?"

ही आधी लाजली. मग टॅबसमोर एका दमात म्हणाली, "हो गो, आत्ताच जेवले!" इतकं बेमालूम की तेजललाही हसू आवरेना.

तुमच्या घरात कुणाला इन्सुलिन सुरू झालं, तर नुसत्या 'हो'वर जाऊ नका. आम्हा सगळ्यांना वाढून झाल्यावर ही नेहमी म्हणायची, "माझं झालंय." मी कधी ताट बघितलं नाही. त्या टॅबवर मी लग्नापासून नापासच झालो असतो.

आता रोज विचारतो, "काय जेवलीस?" ही चिडते, पण भाजीचं नाव सांगते.